ताई, बिअरला लवंगेचा वास येतोय, ओतून देऊ का?

गेल्या अंकात मी ब्रसेल्सच्या एका छोट्या ब्रुअरीच्या झिनेबिर या पेल एलबद्दल (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर) चार ओळी लिहिल्या आणि जाता जाता म्हटलं, काही शंका असतील तर कळवा. वाटलं दोन-चार मेल येतील. आले ढीगभर, त्यातले निम्मे 'कुठे मिळते' आणि निम्मे 'खराब झालीय का' याच चालीवरचे, म्हणून यावेळचं अख्खं सदर त्या एका बिअरला आणि तिच्या भावंडांना दिलंय. एकवीसच्या आतल्या पोरांनी पान उलटा, महाराष्ट्रात बिअरसाठी तेवढं वय लागतं.

प्रश्न: ताई नमस्कार. मुलगा ब्रसेल्सला असतो, दिवाळीत आला तेव्हा तुम्ही लिहिलेल्या त्या झिनेबिरच्या सहा बाटल्या घेऊन आला. म्हणाला बाबा ही पेल एल आहे, म्हणजे फिकट. उघडली तर रंग संत्र्याच्या सरबतासारखा, त्यातही गढूळ, आणि तळाला पांढरट काहीतरी बसलेलं. वास घेतला तर फळांच्या टोपलीसारखा आणि मागून मसाल्याचा डबा उघडल्यासारखा. आमची ही म्हणाली, अहो लवंगेचा वास येतोय, नासलीय, ओतून द्या. एक बेसिनमध्ये ओतली, दुसरी मुलाला फोन लावून त्याच्या हसण्याच्या साथीत प्यायलो, चार शिल्लक आहेत. नक्की काय भानगड आहे? ता.क. पुढच्या वर्षी नातवंडाचं बारसं असेल, तोपर्यंत उरलेल्या ठेवू का?
एक वाचक, कोथरूड

उत्तर: काका, आधी त्या बेसिनवाल्या बाटलीसाठी दोन मिनिटं स्तब्धता. झाली? आता बसा. बिअर एकदम ठणठणीत होती, काही नासलेलं नव्हतं. आणि काकूंचं नाक तयार आहे हो, लवंग त्यांना आली म्हणजे ती तिथे होती, फक्त कुणी टाकलेली नव्हती. त्याकडे येतेच. (मुलगाही हिशोबी दिसतो तुमचा. परदेशातून येताना ड्यूटी न भरता दोन लिटर दारू आणता येते, ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १९८० मिली, वीस मिली सरकारला सोडून बाकी सगळी जागा पोराने वापरली.)

आधी रंग. पेल म्हणजे फिकट हे बरोबर, पण कशाच्या मानाने फिकट ते बघा. जवाला मोड आणून तो भट्टीत सुकवतात, त्यालाच माल्ट म्हणतात, आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो ना साधारण तेच काम. जुन्या काळी इंग्लंडात ही भट्टी लाकडावर चालायची, धूर लागायचा, आच कमी-जास्त व्हायची, माल्ट करपट तपकिरी निघायचं आणि बिअरही तशीच गडद. मग कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेलं बिनधुराचं जळण, वापरायला लागले, आच आवरता आली आणि माल्ट उजळ निघायला लागलं, त्या तपकिरी-काळ्या बिअरींच्या शेजारी ही नवीन बिअर गोरी दिसली म्हणून तिचं नाव पडलं पेल. तेव्हा सोनेरी पाण्यासारखी पिल्सनर जन्मायचीच होती. म्हणजे लग्नाच्या जाहिरातीत 'गव्हाळ' लिहितात ना, तेवढाच त्या पेलचा अर्थ घ्यायचा. बेल्जियममधली या प्रकारची सगळ्यात नावाजलेली बिअर म्हणजे अँटवर्पची द कोनिंक, ती तर चक्क तांबूस आहे, मधाच्या बाटलीसारखी, आणि तरी पेल एलच.

हे बेल्जियमवाले तसे उशिराच या भानगडीत पडले. एका बाजूने इंग्रजांच्या एल आणि दुसऱ्या बाजूने थंडीत आंबवलेल्या जर्मन-चेक लागर घुसत होत्या, तेव्हा १९०४ मध्ये तिथल्या ब्रुअर लोकांनी स्पर्धाच लावली की आपली स्वतःची रोज पिण्याजोगी बिअर काढा, त्यातून 'स्पेशाल बेल्ज' नावाचा प्रकार आला. पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, फार कडू नाही, बिस्किटासारखं माल्ट. द कोनिंक ५.२ टक्के आहे. बेल्जियन बिअर म्हटलं की आपल्या लोकांना आठ-नऊ टक्केवाल्या मठातल्या बिअरी आठवतात, पण त्या सणावारी, ही घरातली.

तुमची झिनेबिर याच घराण्यातली पण जरा वांड. ती काढते ब्रासरी द ला सेन, बर्नार लेबूक आणि इव्हान द बात्स या दोघांनी उभी केलेली ब्रुअरी. सेन ही ब्रसेल्सची नदी, घाण झाली, रोगराई पसरते म्हणून १८६७ ते १८७१ या काळात शहराने ती चक्क झाकून टाकली आणि वर रुंद रस्ते केले, आता नदी कुठाय विचारलं तर लोक पायाखाली बोट दाखवतात. (मुंबईकरांनी मिठीवर अजून झाकण ठेवलं नाही एवढंच.) त्या नदीकाठच्या बेवारशी, जातीचा पत्ता नसलेल्या कुत्र्यांना तिथल्या बोलीत झिनेके म्हणायचे, आणि पुढे ब्रसेल्सकर स्वतःलाच झिनेके म्हणवून घ्यायला लागले, कारण कुणाची आई फ्लेमिश, बाप फ्रेंच बोलणारा, आजी आणखी कुठली. झिनेके परेड म्हणून मिरवणूक निघते तिथे, त्या परेडसाठी २००२ साली ही बिअर पहिल्यांदा काढली. म्हणजे नावातच गावठी कुत्रं आहे, त्यामुळे ती निवळशंख आणि गोरीगोमटी असावी ही अपेक्षाच चुकीची.

आता तो तळाचा पांढरा. तो साका म्हणजे यीस्ट. आपल्या नेहमीच्या बिअरीत यीस्ट गाळून टाकतात आणि गॅस बाहेरून भरतात. इथे बाटली बंद करताना थोडी साखर आणि यीस्ट आत ठेवतात, मग बाटलीतच पुन्हा एकदा आंबवण होतं आणि गॅस आतल्या आत तयार होतो, म्हणून बुडबुडे कसे बारीक येतात. यीस्टचं काम झालं की ते तळाला जाऊन झोपतं. प्यायलात तर काही होत नाही, चवीला पावाच्या कच्च्या पिठासारखं लागतं, फार प्यायलात तर पोटात गुडगुड होईल तेवढंच. अँटवर्पला द कोनिंकच्या ब्रुअरीसमोर पेल्ग्रिम नावाचं कॅफे आहे, तिथे तर बिअरबरोबर यीस्टचा छोटा ग्लास वेगळा घेऊन पिणारी माणसं होती, औषधासारखी.

आणि लवंग. यीस्टच्या काही जातींना एक खोड असते, जवाच्या सालीत फेरुलिक अ‍ॅसिड असतं ते खाऊन त्या एक द्रव्य बाहेर टाकतात, त्याला नाव फोर-व्हिनाईल ग्वायाकोल, आणि त्याचा वास लवंगेच्या घरचा. तसंच केळ्याचं, आयसोअमाईल अ‍ॅसिटेट म्हणून एक द्रव्य यीस्ट बनवतं आणि पिकल्या केळ्याच्या वासात मुख्य तेच असतं. म्हणजे नाक खोटं बोलत नाहीये, द्रव्य खरोखरच एकाच घरातलं आहे. लागरचं यीस्ट थंडीत आठ-बारा अंशांवर काम करतं आणि गुपचूप करतं, एलचं यीस्ट अठरा-वीसच्या पुढे उबेत काम करतं आणि वास सोडत सुटतं. बेल्जियमवाल्यांनी ते दाबलं नाही, उलट लाडावलं. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हन आणि गेंटच्या संशोधकांनी १५७ यीस्टची जनुकं वाचली, त्यात असं दिसलं की बिअरच्या बऱ्याच यीस्टमध्ये हे लवंग करणारं जनुक मोडलेलं आहे, कारण पिढ्यानपिढ्या ब्रुअर लोक त्या वासाचं यीस्ट टाकून देत राहिले, आणि जिथे लोकांना तो वास हवाच होता, म्हणजे जर्मन गव्हाच्या बिअरीसारख्या प्रकारांत, तिथे ते शाबूत राहिलं. काकूंना तीनशे वर्षांपूर्वी कुणी ब्रुअर म्हणून ठेवलं असतं तर त्यांनीही ते बेसिनमध्येच ओतलं असतं, तेव्हा त्यांना उगाच चिडवू नका. झिनेबिरमध्ये लवंग तशी हळूच आहे, मला स्वतःला संत्र्याची साल आधी येते.

राहिलेल्या चारांपैकी पुढची अशी उघडा. आदल्या दिवसापासून बाटली उभी. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं ओट्यावर, मे महिना असेल तर पाचच. ग्लास पोटाचा फुगीर घ्या, वाईनचा चालेल, स्टीलचा पेला नको. तो थंड पाण्याने विसळा आणि पुसू नका, फडक्याला तुपाचा हात लागलेला असतो आणि तुपाच्या नुसत्या अंशानेही फेस पळतो. ग्लास तिरका, बाटली जवळ, आणि एका दमात ओता, मध्ये थांबून बाटली सरळ केलीत की साका उठलाच म्हणून समजा. निम्मा झाला की ग्लास सरळ, दोन बोटं फेस येऊ द्या, तळाला सेंटीमीटरभर उरलं की थांबा. तुमच्या ता.क.चं उत्तर शेवटी देते.

प्रश्न: मॅडम, एवढं पुराण वाचलं पण किक बसते का ते लिहिलंच नाही. आमच्याकडे आठ टक्केवाली मिळते ६५० ची, त्यापुढे ही ३३० ची बाटली म्हणजे लहान पोराची वाटते.
एक वाचक, सोलापूर

उत्तर: भाऊ, हिशोब करू. झिनेबिर सहा टक्क्यांना जराशी कमी, ३३० मिलीत शुद्ध अल्कोहोल साधारण १९ मिली. तुमच्या आठ टक्केवाल्या ६५० मध्ये ५२ मिली. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के असते, म्हणजे साठच्या पेगात २५-२६ मिली. तर तुमची एक स्ट्राँग म्हणजे दोन पेग, आणि झिनेबिर म्हणजे पाऊण पेग. किक हवी असेल तर ही तुमच्यासाठी नाही, पैसे वाया जातील आणि मला शिव्या द्याल. आपल्या नियमात पाच टक्क्यांच्या वर गेलं की सगळं स्ट्राँगच्या खात्यात, त्यामुळे बिचारी द कोनिंकसुद्धा कागदोपत्री तुमच्या आठवालीची बहीण ठरते.

प्रश्न: हाय ताई, मी लुव्हनला मास्टर्स करतेय. लॅबमधली मुलं शुक्रवारी बिअरला नेतात, सगळे ग्लास फिरवून 'स्टोन फ्रूट येतंय, बिस्किटी आहे, फिनिश ड्राय आहे' असं काय काय बोलतात आणि मग मला विचारतात तुला काय येतंय, मी आपली 'नाइस' म्हणून मोकळी होते. खरं सांगू का, मला मिरी आणि भाकरी आली होती पण हसतील म्हणून बोलले नाही. टेस्टिंगचे शब्द कुठून शिकू?
तुमची एक वाचक, लुव्हन

उत्तर: अगं वेडे, तुला मिरी आणि भाकरी आली आणि तू 'नाइस' म्हणालीस? त्या टेबलावरचं सगळ्यात नेमकं वर्णन तुझ्याकडे होतं आणि ते तू गिळलंस.

माझंही असंच झालं होतं म्हणून चिडतेय. ब्रसेल्सला गेले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात ऑफिसची मंडळी एका जुन्या कॅफेत घेऊन गेली, लाकडी बाकडी, भिंती धुरकट, आणि टेबलावर बिअरबरोबर चीजचे चौकोनी तुकडे, बाजूला मोहरीची चटणी आणि सेलरीचं मीठ. तिथे तो चकणाच आहे. माझ्यापुढे तारास बुल्बा आली, ती पण सेनवाल्यांचीच, साडेचार टक्क्यांची, झिनेबिरची धाकटी आणि कडवट तोंडाची बहीण. पहिला घोट घेतला, बर्फासारखी गार होती, आणि कडू कडू कडू, दुसरं काहीच नाही. मनात म्हटलं यापेक्षा कारल्याची भाजी बरी. पण सगळे बोलत होते आणि मला फ्रेंच येत नव्हतं म्हणून ग्लास धरून नुसती बसले, दहा-पंधरा मिनिटं गेली असतील, तळहाताने ग्लास थोडा कोमट झाला, फेस खाली बसून काचेवर त्याची जाळी उरली, आणि दुसरा घोट घ्यायला नाकाशी नेला तर एकदम मला आजीच्या देवघरातलं ताम्हन आठवलं. म्हणजे काय ते माझं मलाच कळेना. मग लक्षात आलं की लिंबाचं साल. ती तांब्याची भांडी अर्ध्या लिंबाने घासायची आणि त्या सालीचा तेलकट वास हाताला राहायचा, तोच. त्याच्या मागे गवत, पावसाळ्यात कापलेलं. मग माल्ट, ते पावासारखं नव्हतं, तव्यावर पोळी फुगून जिथे टम्म डाग पडतो ना त्या डागासारखं. आणि कडूपणा तोच होता, पण आता तो घशात मागे कुठेतरी, मेथीचा दाणा चावल्यावर राहतो तसा, आणि त्याने तोंड कोरडं होऊन पुन्हा घोट घ्यावासा वाटत होता.

शेजारच्याने विचारलं काय येतंय. मी म्हटलं 'लेमन'. बास. ताम्हन आणि पोळीचा डाग कसा सांगणार? त्या रात्री घरी जाऊन वहीत लिहिलं, मराठीत, आणि तेव्हापासून तशीच लिहिते.

तर शब्द शिकायला कुठे जायची गरज नाही, तुझ्या घरचा ओटा म्हणजे लायब्ररी आहे. ते लोक स्टोन फ्रूट म्हणतात कारण त्यांनी लहानपणापासून पीच आणि जर्दाळू खाल्लेत, त्यांच्याकडे तोच मसाल्याचा डबा. आपल्याकडे केळ्यातच बघ, वेलची केळं वेगळं, राजाळी वेगळं, आणि काळं पडायला आलेलं पिकलेलं केळं तिसरंच. बेल्जियन बिअरमधलं केळं बहुतेक वेळा वेलची केळ्यासारखं असतं, आंबटपणाची एक कड असलेलं, आणि बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरीत ते काळं पडलेलं, शिकरण करायचं. इंग्रजीत दोन्हीला बनाना. माल्टचंही तेच, ते 'टोस्टी' म्हणतात, आपल्याकडे भाजलेलं, खरपूस, करपट, खमंग, चार शब्द आणि चारही वेगळे. तू 'भाकरी' म्हणालीस तर ती ज्वारीची की बाजरीची? मला द कोनिंकमध्ये ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा येतो, पातळ आणि गोडसर, बाजरी मात्र कधी नाही.

जिथे आपल्याकडे शब्द नाही तिथे त्यांचा घे, त्यात लाज कसली. हॉप, म्हणजे ज्याच्या फुलांनी बिअरला कडूपणा आणि वास येतो तो वेल, आपल्या शेतात नव्हताच, तर सात्झ नावाच्या हॉपचा तो औषधी-फुलासारखा वास मी सरळ 'सात्झ' म्हणते. आणि कधी कधी आपला शब्द जास्त चपखल बसतो. ऑर्व्हाल नावाची मठातली पेल एल आहे, ६.२ टक्के, १९३१ पासून त्या मठातच ब्रुअरी आहे, तिच्यात ब्रेट नावाचं रानटी यीस्ट टाकतात आणि त्याच्या वासाला इंग्रजीत घोड्याची झूल म्हणतात. आता मी कधी घोड्याची झूल हुंगली? पण गोठा मला माहितीये, सकाळचा, शेण काढून झाल्यावरचा, वैरण टाकलेली असते तेव्हाचा. ऑर्व्हाल वर्षभर ठेवलेली असली की अगदी तो. हे मी एका बेल्जियन म्हाताऱ्याला कसंबसं सांगितलं तर तो शेतकऱ्याच्या घरचा निघाला, इतका खूश झाला की पुढची बाटली त्याने पाजली.

एक युक्ती सांगते, ती मला उपयोगी पडली. घोट घ्यायच्या आधी तीनदा वास घे, छोटे छोटे, कुत्रं हुंगतं तसे, लांब श्वास नको, लांब श्वासाने नाक थकतं. आणि पहिली जी गोष्ट आठवेल, जागा असो, माणूस असो, भांडं असो, ती पकड, मग तिथे कसला वास होता ते शोध. उलट्या बाजूने गेलं की सापडतं. पुढच्या शुक्रवारी मिरी म्हण. कारण विचारलं तर यीस्ट म्हण, तुमच्याच विद्यापीठात त्याच्यावर काम चालतं, हसतील कशाला.

प्रश्न: ताई, नवऱ्याचे मित्र येणारेत, त्यातला एक बेल्जियन पेल एल आणणार म्हणतोय. मी मिसळ करायची ठरवलीये, चालेल ना?
एक वाचक, नाशिक

उत्तर: मिसळ करा, पण तिच्याबरोबर ही बिअर नको. तिखट, गॅस आणि हॉपचा कडूपणा तिघे एकत्र आले की जीभ नुसती पेटते, ना मिसळीची चव लागत ना बिअरीची, वर कांदा. मिसळीबरोबर ताकच बरं. पेल एलला काहीतरी खरपूस आणि किंचित गोड-आंबट द्या. अळूवडी उत्तम, चिंच-गुळाचा गोडवा आणि तळलेली कड, माल्टशी अगदी सख्खं नातं. थालीपीठ आणि लोणी पण मस्त, फक्त हिरवी मिरची हात राखून. मासे खाणारे असतील तर कुरकुरीत बोंबील, आणि तारास बुल्बा मिळाली तर लिंबू पिळायचीही गरज नाही. आणि काहीच जमलं नाही तर खारे दाणे, त्याला तोड नाही.

प्रश्न: आमच्या इथल्या एका मायक्रोब्रुअरीत 'बेल्जियन पेल एल' म्हणून ग्लास दिला, त्याला चक्क लोण्याचा, म्हणजे थिएटरच्या पॉपकॉर्नचा वास. विचारलं तर वेटर म्हणाला सर ही स्टाइलच अशी असते. आधी वाटलं असेल बुवा, पण घरी येऊन डोकं फिरलं, साडेचारशे रुपये गेले. खरंच असतं का असं?
एक वाचक, ठाणे

उत्तर: नसतं. लवंग, मिरी, केळं, संत्रं, पेअर, पाव, मध, हे सगळं म्हणा, लोणी नाही. तो वास डायॲसिटिलचा. आंबवण चालू असताना यीस्ट ते बनवतंच, पण दोन-चार दिवस निवांत मिळाले तर तेच यीस्ट ते परत खाऊनही टाकतं. टाकीची घाई झाली, शनिवारची गर्दी आली, बिअर लवकर काढली, की राहतं. नाहीतर मग नळाच्या पाइपात घाण साठून बॅक्टेरिया ते करतात. दोन्हीत तुमचा दोष नाही आणि बेल्जियमचा तर नाहीच. 'स्टाइलच अशी आहे' हे वाक्य म्हणजे बेल्जियन शब्दाची पळवाट आहे, लोकांना वाटतं विचित्र लागलं म्हणजे बेल्जियनच. पुढच्या वेळी ग्लास अर्धा व्हायच्या आत सांगा, शांतपणे, की याला लोण्याचा वास येतोय, दुसरी काहीतरी द्या. चांगला ब्रुअर असेल तर स्वतः बाहेर येऊन वास घेतो. उकडलेल्या मक्याचा वास आला तरी सांगा, ओल्या पुठ्ठ्याचा आला तर जुनी झालीय. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा आला तर तीही घाईच.

प्रश्न: पुण्या-मुंबईत कुठे मिळेल?
बऱ्याच वाचकांचा प्रश्न

उत्तर: झिनेबिरचं म्हणाल तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगेतूनच. इथल्या छोट्या ब्रुअरींचं म्हणाल तर पुणं मागे नाही, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ मध्ये इथे निघाली, पण आपल्याकडे बेल्जियन म्हणजे विट हेच समीकरण बसलंय, नळावर बहुतेक वेळा तीच दिसते. बिरासुद्धा २०१५ मध्ये आली तेव्हा आधी बेल्जियममध्येच बनवून आणायचे, त्यांची व्हाइट त्याच वळणाची. विटमध्ये गहू असतो आणि धणे, संत्र्याची साल खरोखर टाकतात. पेल एलमध्ये असलं काही टाकत नाहीत, जे येतं ते यीस्ट, हॉप आणि माल्टमधून. तेव्हा नळावर पेल एल दिसली तर वेटरला विचारा, यात धणे आहेत का? हो म्हणाला तर ती विटच आहे, पाटी बदललीय.

आता कोथरूडच्या काकांचा ता.क. बारशापर्यंत ठेवू नका काका. ठेवून सुधारणारी ऑर्व्हाल, तिच्यावर बाटली भरल्याची तारीख छापलेली असते आणि तिथल्या काही कॅफेत ताजी आणि मुरलेली अशा दोन वेगवेगळ्या मागता येतात, ते ब्रेटमुळे. झिनेबिरमध्ये ब्रेट नाही, तिचं सगळं सुख ताज्या हॉपमध्ये आणि हॉपचा वास महिन्यागणिक उडतो, वर्षभराने संत्र्याची साल जाऊन नुसता पाव उरेल. एक या रविवारी काकूंबरोबर उघडा, अर्धा अर्धा ग्लास, आणि लवंग कुठे येते ते त्यांनाच शोधू द्या. बाकीच्या तीन आताच्या आता फ्रीजच्या दारातून काढा, दुधाला दहा वेळा दार उघडतं आणि प्रत्येक वेळी साका हलतो. मागे, सगळ्यात खालच्या खणात, लोणच्याच्या बरणीला टेकून उभ्या.